लांब नाकाचं इंजिन

डब्ल्यूडीजी-३ए या मालगाडीच्या डिझेल इंजिनाला ड्रायव्हरची कॅब एकच, तीही एका टोकाला. जुन्या अमेरिकी आराखड्यावरून नव्वदच्या दशकात ते वाराणसीत बांधलं गेलं. सोळा सिलिंडर, एकतीसशे अश्वशक्ती. कॅब मागे ठेवून गाडी ओढायची असेल, तेव्हा ड्रायव्हरपुढे इंजिनाचं लांब नाक येतं आणि वळणावर पलीकडचा सिग्नल त्याला दिसत नाही. तो दुसऱ्या बाजूला बसलेल्या असिस्टंट ड्रायव्हरनं पाहायचा, रंग मोठ्यानं सांगायचा आणि ड्रायव्हरनं तोच परत म्हणायचा.

एका विज्ञान मासिकासाठी मी या इंजिनाचा इतिहास लिहीत होते. तंजावूरच्या माझ्या वैद्यनाथकाकांनी ड्रायव्हर म्हणून त्यावर तिथला तांदूळ बरीच वर्षं वाहिला होता.

"नंतरची इंजिनं कशी होती, काका?"

"ताकद जास्त, धूर कमी. विजेच्यांना तर दोन्ही टोकांना कॅब! आता नाकाआडून कोण बघतो?"

"आणि डोळ्यांची तपासणी?"

"त्यात नापास झालेला इंजिनावरून उतरतो. परत चढत नाही. मी एकदाही उतरलो नाही."

निवृत्तीनंतर मात्र ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे फिरकले नव्हते.

घरातली कॉफीपूड संपली होती. काकांनी मोपेड काढली. एरवी मागे सुप्रभाकाकू बसायच्या आणि चौकाचौकात "ग्रीन!" म्हणून ओरडायच्या. काका "ग्रीन!" म्हणायचे. सगळी गल्ली हसायची. काकू बहिणीकडे ओरत्तनाडूला गेल्या होत्या, म्हणून त्यांच्या जागी मी बसले.

"शांभवी, आज तू असिस्टंट. झोपू नकोस."

पहिल्या चौकात त्यांनी विचारलं, "सिग्नल?"

"हिरवा!"

"हिरवा," म्हणत त्यांनी मोपेड पुढे काढली.

दुसऱ्या चौकातला दिवा नाकासमोर होता. मध्ये इंजिन नव्हतं, बससुद्धा नव्हती. तरी त्यांनी विचारलं, "सिग्नल?"

"लाल," मी म्हटलं. ते थांबले. दिव्याचा खांब कुठे आहे ते शोधत त्यांची मान थोडी डावीकडे, मग उजवीकडे फिरली. खांब सरळ समोर होता.

तिसऱ्या चौकात दिवा हिरवा होता. काकांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

त्यांनी ब्रेक दाबला आणि मोपेड कडेला घेऊन थांबवली. मागचा रिक्षावाला तमिळमध्ये करवादला, "अय्या, हिरव्याला थांबून काय, पूजा घालणार?"

"काय गे, झोपलीस?"

"हिरवा होता, काका. तुम्हाला दिसला नाही."



"न दिसलेला सिग्नल लालच धरायचा," ते म्हणाले. "तो नियम मी अजून मोडलेला नाही."

"काकूंना माहीत आहे?"

"तिला वाटतं, म्हाताऱ्याची थट्टा चाललीय."

"आणि त्या मागे नसल्या तर?"

रिक्षा, बस, स्कूटर पुढे निघून गेल्या. दिवा लाल झाला. मग काका खाली उतरले, मोपेड स्टँडवर लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"डोळ्यांचा दवाखाना पुलापलीकडे आहे," मी म्हटलं.

"आधी कॉफीपूड."

"आधी दवाखाना."

"तुझ्या काकूवर गेलीस," म्हणत ते मागच्या सीटवर बसले. तिथे पाय कुठे ठेवायचे ते त्यांना सापडेना, मी दाखवलं.

दिवा बदलला.

"हिरवा," मी म्हटलं.

मागून काही आलं नाही. मी निघाले नाही. रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले.

"हिरवा," शेवटी काका म्हणाले. मग मी मोपेड पुढे काढली.