पत्ता अनिवार्य

ऑफिसात सगळे तिला 'प्रश्नवाली' म्हणत. नवं सॉफ्टवेअर बनवायच्या आधी लोकांत जाऊन बसायचं, ते काम कसं करतात ते खोदून खोदून विचारायचं आणि प्रोग्रामरला कळेल असं लिहून काढायचं, ही तिची नोकरी. या खेपेला तिला रुग्णवाहिकेच्या फोन-कक्षात धाडलं होतं.

तिथल्या मावशी एकोणीस वर्षं फोन घेत होत्या. प्रश्नवाली तीन दिवस त्यांच्या शेजारी दुसरा हेडफोन लावून बसली. तिसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. नुसती धाप.

"खिडकीतून काय दिसतंय गं?" मावशींनी विचारलं.

"टाकी... निळी."

ती टाकी कुठल्या वस्तीत आहे ते मावशींना ठाऊक होतं, तेवढ्यावर त्यांनी गाडी सोडली. नेमकं घर बाईला विचारत विचारत ड्रायव्हरला वाटेत कळवलं. बाई वाचली.

"ताई, एवढं आठवणीनं लिहा," मावशी म्हणाल्या. "पत्ता नसला तरी गाडी सुटली पाहिजे."

तिनं ते ठळक अक्षरांत लिहिलं. बैठकीत साहेबांनी नेमकं तेच खोडलं.

"उद्या कुणीही टवाळखोर फोन करेल. पत्ता अनिवार्य."

"साहेब, मी डोळ्यांनी पाहिलंय—"

"पुढच्या टप्प्यात बघू."

ती भांडली, तिनं साहेबांना एकापाठोपाठ दोन पत्रं लिहिली. काही उपयोग झाला नाही. तारीख डोक्यावर आली, तशी तिनं त्या खोडलेल्या मसुद्यावर सही केली.

सॉफ्टवेअर सुरू झालं, त्या आठवड्यात ती कक्षातच होती. भर दुपारी एका म्हाताऱ्याचा फोन आला. बायको कोसळली होती, त्याला घाबरून गल्लीचं नाव आठवेना. "शाळेच्या मागं, शाळेच्या मागं," एवढंच तो म्हणत राहिला. मावशींनी शाळा ओळखली आणि पत्त्याच्या रकान्यात तेवढीच टाकली. पडदा लाल. गाडी सोडायचं बटण दबेना. शेवटी त्या हेडफोन फेकून जिना उतरल्या आणि ड्रायव्हरला हाताला धरून गाडीत बसवलं. यात सहा मिनिटं गेली. म्हातारी गेली.

चौकशीत ठरलं, की मावशींनी नियम मोडून जागा सोडली. त्यांना सामानाच्या कोठीत टाकलं. प्रश्नवालीनं आपली दोन्ही पत्रं समितीपुढे ठेवली, अध्यक्षांनी ती न वाचताच परत सरकवली, "मसुद्यावर सही तुमचीच आहे ना?"

महिन्याभरानं ती कोठीत गेली. मावशी चादरी मोजत होत्या.

"मावशी, मी लिहिलं होतं हो."

"ठाऊक आहे," त्या वर न बघता म्हणाल्या, आणि पुढची चादर उचलली.