मागून मार खाल्लेल्या गाडीचं दार

आमच्या जावयानं सासूची गाडी दार उघडं ठेवून, मान बाहेर काढून मागे घेतली. फाटकाच्या खांबाला काही झालं नाही. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार मात्र हत्तीच्या कानासारखं उभं राहिलं.

माझी बायको बहिणीकडे गेली होती, चार दिवसांनी परतणार होती. जावयाला लांबच्या कारखान्यात नोकरी लागलेली, तिकडे बस जात नाही. "चार दिवस नीट चालवून दाखवा, मग वर्षभर गाडी तुमची," असं बजावून ती गेलेली.

"बाबा, नोकरी गेली समजा."

"सासरा गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर असताना रडता काय?" मी म्हणालो.

सोळा वर्षांच्या गाडीचं नवं दार आता कुणी बनवत नाही. म्हणून आम्ही जुन्या भागांच्या यार्डात गेलो. ते यार्ड एवढं मोठं, की एक गिऱ्हाईक आरसा शोधायला आत गेलं, आणि सापडला तेव्हा त्यात दिसणारा दाढीवाला कोण, हे त्याला ओळखू येईना. मालकाला मी एकच विचारलं, "मार कुठून बसलाय?" मागून धडक खाल्लेल्या गाडीची पुढची दारं सहसा शाबूत असतात. तसली एक मिळाली, रंगही तोच. दारावरून लोहचुंबक फिरवलं. रंगाखाली पोचा बुजवायला पुट्टी भरलेली असती तर ते घसरलं असतं. पण असं चिकटलं, की सोडवायला आम्ही दोघं लागलो आणि मालकानं मागून माझी कंबर धरली.

दार बसवलं. बिजागऱ्या जुळवल्या, फट सगळीकडे सारखी केली, रबर नवं घातलं. कुलूप मात्र जुन्याच दाराचं, नाहीतर किल्लीनंच चुगली केली असती. दार लागायचा आवाज इतका मऊ, की बॉनेटवर झोपलेल्या मांजरानं कूसही बदलली नाही.

चौथ्या दिवशी बायको आली. गाडीभोवती फेरी मारली. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"जावईबापू, कुठं धडकवलीत?"

"अगं, काहीतरीच!" मी मध्ये पडलो.

"तुम्ही थांबा हो."

जावयानं खांबापासून यार्डापर्यंत सगळं ओकून टाकलं. "पण आई, तुम्हाला कळलं कसं?"

"सोळा वर्षं हे दार खालून उचलून, कमरेचा धक्का देऊन लावतेय मी. आज बोटानं लागलं."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फडक्याला हात पुसायला लागलो. हात स्वच्छ होते.

"ह्यांना सांगून सांगून माझे केस पिकले. रोज 'उद्या करतो'. तुम्ही एका खांबात करवून घेतलंत." तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "खरं बोललात. न्या वर्षभर."

"आणि आई, पुन्हा कुठं लागली तर?"

"अजून तीन दारं बाकी आहेत," ती म्हणाली. "सावकाश होऊ द्या."