चाखलंस का गो?

माझा पहिला केक बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "हा स्पंज ना गो? मग घे भांडी घासायला."

आता बोला! मी पनवेलची. लग्न होऊन मुरुडला आले ती बाबांनी दिलेला ओव्हन मांडीवर घेऊनच, आणि इथे स्वागत हे असं. आमची वाडी मुरुडहून आगरदांड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नारळ, पोफळी, चार हापूस आणि बारक्या आंब्यांची एक बिटकी, जिच्या कैऱ्यांवर सगळ्या आळीचा डोळा. नवरा सलिल शाळेत गणित शिकवतो. त्याला केक आवडतो, पण आईसमोर तसं म्हणायची त्याची छाती नाही. तो दोन तुकडे घेऊन मागच्या पडवीत जायचा आणि चोरासारखा खाऊन यायचा.

सासूबाईंचं म्हणजे अनुसूयाबाईंचं एक पालुपद होतं. मी काहीही केलेलं असो, कांदेपोहे, सोलकढी, केक, ताट वाढायच्या आधी ओटीवरून हाक यायची, "चाखलंस का गो?" रोज. पाहुण्यांसमोरसुद्धा. जशी काही मी आयुष्यात कधी मीठ बघितलंच नव्हतं. एकदा मी तडकून म्हटलं, "आई, चाखलंय, जिवंत आहे अजून!" तर म्हणाल्या, "तू जिवंत आहेस गो. आम्ही खायचंय अजून."

हसू नका. रोज ऐकावं लागलं असतं म्हणजे कळलं असतं.

मग दिवाळी झाली आणि एका सकाळी फुलं काढता काढता सासूबाई तगरीखाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मेंदूत डावीकडे गुठळी. अलिबागला दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं, उजवा हात-पाय हळूहळू हलायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. एक शब्द नाही. आणि शब्दांच्या जागी त्यांनी एक भलतीच गोष्ट सुरू केली. त्या मान हलवायला लागल्या.

आई, चहा ठीक आहे? मान. आई, पंखा लावू? मान. आई, आज भात जरा चिकट झालाय हो. मान, वर हसू. अहो, चिकट भात बघून ज्या बाईने एरवी भांडं आपटलं असतं, ती हसतेय! शेजारणी म्हणायच्या, किती गोड झाल्यात अनुसूयाकाकू. मला ते गोड बघवत नव्हतं. रात्री सलिलला मी म्हटलं, "ही बाई कोण आहे रे? आई आहेत ना आत?" तो उठून आईच्या खोलीत डोकावून आला. त्यालाही तीच भीती होती, हे मला त्यावरून कळलं.

अलिबागहून दर आठवड्याला एसटीने प्राप्ती यायची. वाचेचे व्यायाम घेणारी मुलगी, चुणचुणीत. तिने आकडे म्हणवून बघितले, वार म्हणवून बघितले, आरती लावली. सासूबाई टाळ्या वाजवायच्या, तोंड उघडत नव्हतं. शेवटी ती आम्हाला म्हणाली, "विचार न करता माणूस जे बोलतो ना, देवाचं नाव, शिवी, रोजचं पालुपद, ते कधीकधी आधी परत येतं. यांचं काय होतं?"

सलिलने माझ्याकडे बघितलं, मी सलिलकडे.

"तशी काही शिवी नाही," तो चाचरत म्हणाला, "पण आई... हिला, क्षिप्राला बोलायची."

"कशावरून?"

"कशावरूनही," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. प्राप्तीच्या सांगण्यावरून आधी नुसतंच त्यांच्यासमोर म्हणून बघितलं, "चाखलंस का..." आणि थांबायचं, पुढचा "गो" त्यांनी म्हणायचा. त्यांनी मान हलवली. मग म्हटलं, असं नाही होणार, खरंखुरं काहीतरी बिघडायला पाहिजे. एक दिवस आमटीत मीठच घातलं नाही. आमटी म्हणजे नुसतं पिवळं पाणी. सलिलने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की बस. सासूबाईंनी मात्र वाटीभर आमटी शांतपणे संपवली, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. पोळी करपवली, मान. खिरीत साखर नाही, मान. मला एवढं रडू आलं म्हणून सांगू! लोक सासूशी भांडण नको म्हणून नवस बोलतात आणि मी भांडण व्हावं म्हणून आमटी बिघडवत बसले होते.

तेवढ्यात फाल्गुन सरत आला. वाडी वसंतात जशी होते तशी झाली, कोणासाठी थांबली नाही. आंब्यांचा मोहोर गळून बारक्या कैऱ्या लागल्या, काजूच्या बोंडांचा वास कुंपणावरून आत यायचा, कोकिळा पहाटेपासून बोंबलायची. इतर वर्षी सासूबाई तिलाही बोलायच्या, "पुरे गो, कळलं!"

आणि पडवीच्या आढ्याला एक तवसं लटकत होतं.

तवसं म्हणजे पावसाळ्यातली मोठी काकडी. जून होऊ दिली, सुंभात गुंडाळून टांगून ठेवली की साल तांबूस होते आणि ती महिनोन्‌महिने टिकते. आमच्याकडे गुढीपाडव्याला संध्याकाळच्या चहाबरोबर शेवटच्या तवशाचं धोंडस होतं. धोंडस म्हणजे आमच्या कोकणातला केकच. किसलेलं तवसं, गूळ, तांदळाचा रवा, खोबरं, आणि पातेल्याच्या खाली विस्तव, वर झाकणावर निखारे. हे मात्र फक्त सासूबाई करायच्या. मला पातेल्याला हात लावायची परवानगी नव्हती. हे तवसं त्यांनीच टांगलेलं होतं, आजारपणाच्या आधी, स्वतःच्या हाताने गाठ मारून.

पाडव्याच्या सकाळी सलिलने गुढी उभारली. कडुनिंबाची पानं गुळाबरोबर वाटून मी सगळ्यांना दिली. सासूबाईंनी गोळी तोंडात टाकली, चावली, गिळली. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मी सलिलला म्हटलं, "ते तवसं खाली काढ. धोंडस मी करणार."

"तुला येतं?"

"बघून बघून येतं. नाही आलं तर नाही. पण आज मी मुद्दाम काही बिघडवणार नाहीये. आज आईंना चांगलं खायला घालणार."

हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं. हरले होते म्हणा ना. बोलत नाहीत तर नाही, पण पाडवा गोड तरी होऊ दे त्यांचा.

तवसं कापलं. आता, याची एक रीत आहे. देठाकडचं टोक कापायचं, ते कापल्या जागी घासून फेस काढायचा आणि एक चकती चाखून बघायची. कारण एखादं तवसं असं कडू निघतं की गुळाचा डोंगर ओतला तरी त्याला गोड करता येत नाही. सणाचं शिजवलेलं नैवेद्याआधी चाखू नये, पण तवसं कापतानाच चाखावं, हे सासूबाईंचं पहिलं कलम. मी चकती कापली, तोंडापाशी नेली, आणि मागून टक्‌, टक्‌ असा आवाज आला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात काठी घेऊन उभ्या होत्या. एकट्या! आजारी पडल्यापासून खोलीतून ओटीपर्यंतही त्या कोणाला धरल्याशिवाय आल्या नव्हत्या. मी चकती सालींच्या पाटीत टाकली, धावले, त्यांना धरलं, स्टूल ओढलं, बसवलं. काय तो आनंद! त्या आनंदात मी तवसं किसायला घेतलं आणि चाखायचं साफ विसरले.

सासूबाई डाव्या हाताने खुणा करायला लागल्या. आधी सालींच्या पाटीकडे बोट, मग स्वतःच्या ओठांकडे. मी पाणी दिलं. त्यांनी पेला ढकलला. पुन्हा पाटी, पुन्हा ओठ. मला वाटलं भूक लागली. केळं सोलून दिलं. त्यांनी केळं मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... पण मी कुठली थांबते! गूळ चिरला, रवा भाजला, ओले काजूगर टाकले, पातेल्याच्या तळाशी केळीचं पान घातलं. मागच्या अंगणात करवंट्यांचे निखारे करून झाकणावर पसरले. वास असा सुटला की सलिल गुढीपाशी उभ्या शेजाऱ्याशी बोलणं सोडून दोनदा डोकावून गेला.

चारच्या सुमारास पातेलं उघडलं. कडेने सोनेरी, वर तांबूस, सुरी घातली तर स्वच्छ बाहेर आली. जन्मात इतकं सुरेख काही भाजलं नव्हतं मी. देवापुढे तुकडा ठेवला, ओटीवर चहा मांडला. पहिला तुकडा सासूबाईंच्या डाव्या हातात दिला.

त्यांनी चावा घेतला.

आधी भुवया आत आल्या. मग नाक. मग सगळा चेहरा गोळा झाला. मी म्हटलं, आता पुन्हा झटका येतोय की काय, आणि बशी बाजूला ठेवून त्यांचे खांदे धरले. त्यांच्या गळ्यात काहीतरी अडकल्यासारखा आवाज होत होता.

"क..." त्या म्हणाल्या. "क्क... कडू!"

मी खांदे धरून तशीच.

त्यांनी श्वास घेतला. लाल झाल्या होत्या. सकाळपासूनचा राग होता तो, पेल्याचा, केळ्याचा, सगळ्याचा. डावा हात वर केला, माझ्या नाकासमोर बोट नाचवलं आणि एकेक शब्द ओढून काढावा तसं विचारलं, "चाख... चाखलंस... का... गो?"

"नाही हो आई," मी म्हटलं, "नाही चाखलं! विसरले!" आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून असा गळा काढला की सलिल अंगणातून चपलांसकट आत धावला.

"काय झालं? आई पडली?"

"नाही रे, आई बोलल्या!"

"काय बोलली?"

"मला बोलल्या!" मी ओरडले. "सलिल, आई मला बोलल्या!"

बशीतला एक तुकडा त्याने तसाच तोंडात टाकला आणि दुसऱ्या क्षणी तोंड फिरवून अंगणात थुंकायला पळाला. "अरे देवा! जहर आहे हे जहर!" सासूबाईंनी मान हलवली. पण ही मान वेगळी होती. बघा, सांगितलं होतं ना, अशी. सलिल तोंड धुऊन आला, आईच्या पायाशी बसला आणि तिघंही आम्ही हसत, रडत, थंड झालेला चहा प्यायलो. एवढं सुरेख दिसणारं धोंडस नारळाच्या आळ्यात गेलं.

प्राप्तीला फोन केला. ती खूश झाली, पण शहाणी मुलगी, लगेच म्हणाली, "क्षिप्राताई, हे अजून सवयीचे शब्द आहेत. रागाने बाहेर आलेत. स्वतःच्या मनातलं जुळवून बोलायला वेळ लागेल. तुम्ही त्यांच्या तोंडात शब्द देऊ नका, त्यांना विचारू द्या."

विचारू द्या! हे मला सांगावं लागतं?

तेव्हापासून आमच्या घरी पुन्हा सुरू झालंय. पोहे असोत, पन्हं असो, ओटीवरून हाक येते. आधी अडखळत यायची, आता बऱ्यापैकी सरळ येते, "चाखलंस का गो?" आणि मी लबाडी करते. मी सगळं नीट चाखून बघते, पण सांगते, "नाही, आई." म्हणजे त्यांना पुन्हा विचारावं लागतं. एका ताटामागे तीन-तीनदा ऐकून घेते मी. पण त्या पालुपदाच्या पलीकडे काही येत नव्हतं, आणि मनातली ती जुनी भीती पुरती गेली नव्हती. म्हणजे, शब्द परत आलेत, पण आई?

परवा कैऱ्या चांगल्या भरल्यात म्हणून सलिल झाडाखाली फिरत होता आणि मी ओव्हनमध्ये काजूचा केक केला. गरम गरम कापला. ओटीवरून हाक आली.

"नाही, आई," मी निरागस चेहरा करून बशी घेऊन बाहेर आले.

सासूबाईंनी मला वरून खाली बघितलं. मग डावं बोट उचलून माझ्या हनुवटीकडे केलं. हात लावला तर केकचा भुगा.

"खो... टं," त्या म्हणाल्या.

हा शब्द नवा होता. त्या अजून काहीतरी शोधत होत्या, ओठ हलत होते, कपाळावर घाम आला. माझ्या जिभेवर दहा शब्द आले, पण मी एकही दिला नाही.

"ती... आमटी... पण," त्या म्हणाल्या. "खोटी."

अळणी आमटी! ती मुद्दाम केली होती हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, सलिलनेही नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्या मान हलवणाऱ्या, हसणाऱ्या, गोड बाईच्या आत आई पहिल्या दिवसापासून बसून होत्या, आणि मी कसली कसली सोंगं करतेय हे सगळं बघत होत्या.

"आई," मी म्हटलं, "सगळं कळत होतं तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली, केकचा तुकडा घेतला आणि हळूहळू चावला. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी बशी पुढे केली. दुसरा तुकडा हवा होता.