टाकीतली हवा आणि जनकाबाईचा डावा कान

डोणगावच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपाल्यापेक्षा बहिऱ्यांची गर्दी जास्त. प्राणानंद महाराजांनी लोखंडी टाकी मांडली होती. माणूस आत बसला की झाकण लागायचं, 'हिमालयाचा प्राणवायू' दाबानं सुटायचा आणि कानात टक् व्हायचं. देवानं कडी काढली, असं महाराज म्हणत.

मी मतीन, बाजाराच्या तोंडाशी पंक्चर काढतो. टाकीमागची घरघर ऐकून मला हसूच फुटलं. तो माझाच जुना कंप्रेसर, दिवाळीआधी मीच विकलेला. कुठला हिमालय न् काय, ट्रॅक्टरच्या टायरात भरतो तीच हवा!

मग रांगेत चहावाली जनकाबाई दिसली आणि हसू जिरलं. नऊ दिवसांपूर्वी सकाळी उठली तर डावा कान ठार बंद. आतला कान असा अचानक गेला तर पहिले पंधरा दिवसच मोलाचे, असं मेहकरच्या डॉक्टर योगिनीताईंनी बजावून गोळ्या दिल्या होत्या. महाराजांनी गेल्या बाजारी त्या बंद करवल्या. वर सात बैठका सांगितल्या, आठवड्याला एक.

ती दुसरी बैठक आटपून बाहेर आली. महाराजांनी समोरून विचारलं, "माय, ऐकू येते?"

"हाव."

टाळ्या पडल्या. मी पुढं झालो, खुणेनं तिला उजव्या कानात बोट दाबून धरायला लावलं आणि मोबाईलवर हळू आवाजात गाणं लावून डाव्या कानाशी धरला. जवळच्या दहाजणांना ते ऐकू गेलं. जनकाबाई माझ्याकडं बघत उभी.

"कधी लावतो बे?" ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. मग मी सांगितलं. "हाव" म्हणाला तो उजवा कान, त्याले काही झालंच नव्हतं. टक् होतं ते दाब बदलल्यानं, पडद्याशी. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाटात एसटीतही होतं. कंडक्टर काही देवाचं नाव घेत नाही. जनकाबाईचा बिघडला होता तो पडद्याच्याही आतला कान, तिथं टायरची हवा काय करणार? उलट पडदा फाटायचा.

श्रद्धा कमी पडली, असं महाराज सुरू झाले. जनकाबाईनं शांतपणे डावा कान त्यांच्याकडं केला. "इकडून सांगा, महाराज."

बाजार पोट धरून हसला.

त्याच दुपारी तिला मोटरसायकलवर मेहकरला नेलं. योगिनीताई आधी रागावल्या, मग म्हणाल्या की दाबाच्या ऑक्सिजनचा उपचार खराच आहे. पण तो मोठ्या दवाखान्यात, शुद्ध ऑक्सिजनचा, औषधाच्या जोडीला, आणि तरी गुण येईलच असं नाही. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, चिठ्ठी देऊन संभाजीनगरला पाठवलं.

कान अर्धा परत आला. गोळ्या बंद नसत्या तर पूर्ण आला असता का, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मला त्याचा अजून संताप येतो. म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी चांगला कान झाकून बघा. आणि कान गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.