ज्वालामुखीचा वाकडा काना

पापडखार.

काळी-पिवळी जीप. मागच्या दारावर लाल अक्षरांत ‘ज्वालामुखी’. पहिल्या अक्षराचा काना वाकडा.

रेडिएटरचं झाकण उघडताना हाताला गुंडाळायचं गोणपाट.

नववीच्या पुस्तकातलं एक वाक्य, खाली पेन्सिलची जाड रेघ.

तेलाचा रिकामा डबा, आता पाण्याला लावलेला.

आभाळातून पडलेला धोंडा.

यातलं काय आधीचं नि काय नंतरचं ते कळेल. आधी गाडी तर सुरू होऊ द्या.

दुसरा गिअर

मोताळ्याहून निघून राजूरचा घाट लागला की उकंडरावांची मान आपोआप ताठ होते. उभा जन्म त्यांनी या रस्त्यावर सवाऱ्या वाहिल्या. पुढे परमिट संपलं, गाडी घरची झाली. पण त्यांनी ना रंग बदलला, ना नावाला हात लावला. मोताळ्याच्या बाजारात आडनाव विचाराल तर लोक डोकं खाजवतील. ‘ज्वालामुखीवाले’ म्हणा, घरापर्यंत सोडून येतील.

आज गाडीत एकच सवारी होती. मुलगी अर्पिता. अमरावतीच्या कॉलेजात ती भूगर्भशास्त्र शिकवते. लोणारच्या तळ्यावर तिने डॉक्टरेट केली होती आणि आज त्याच तळ्याच्या काठावर, बाहेरगावहून आलेल्या प्राध्यापकांसमोर ती बोलणार होती. काय बोलणार ते उकंडरावांना तोंडपाठ होतं. लोणारचा खड्डा ज्वालामुखीचा नाही. आभाळातून धोंडा आला नि त्याने तो पाडला.

आणि ती हे सांगत असताना मागे काय उभं असणार? ज्वालामुखी. शिकलेसवरले लोक दारावरचं नाव वाचणार, एकमेकांना कोपरं मारणार, पोरीकडे बघून हसणार. शेवटी त्यांनी चिखलीच्या गफ्फार पेंटरला फोन केला. “या,” तो म्हणाला, “नावावर काळा हात मारून देतो.” अर्पिताला यातलं काही माहीत नव्हतं.

“बाबा, तो कडा पाहा,” तिने खिडकीबाहेर बोट केलं. “पायऱ्या दिसतात ना? एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर.”

“म्हणजे ज्वालामुखीच.”

“इथं लाव्हा आहे. पण लोणारचा खड्डा त्याचा नाही.”

“काऊन? जमीन तं एकच हाय.”

“जमीन एकच. खड्डा वेगळा.”

“मायवर गेली तू. कोणाचं ऐकूनच घेत नाही.”

“माय म्हणते बाबावर गेली.”

वळणावरच्या देवीपाशी उकंडरावांनी नेहमीसारखा एकदा हॉर्न दिला. हसू लपवायला तेवढं पुरलं.

तिसरा गिअर

बुलढाणा मागे पडलं. येळगावच्या धरणाचं पाणी उन्हात लखलखत होतं आणि उकंडरावांना तो जुना दिवस आठवला.

त्यांच्या सासूबाईंची, कौशल्याबाईंची, खाज काही केल्या जात नव्हती. लोणारच्या पाण्याने खाज जाते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून उकंडरावांनी तळ्यात उतरून तेलाचा डबा भरून आणला आणि गाडीतच विसरले. दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन उकळलं. हाताला गोणपाट गुंडाळलं, झाकण उघडलं, हाताशी आला तो डबा ओतला. पाणी ते पाणी.

तर बॉनेटमधून पांढरा फेस. पुसला तरी येतोय, दाबला तरी येतोय. सवाऱ्या खाली उतरून लांब उभ्या राहिल्या. डबा कुठला ते उकंडरावांच्या ध्यानात आलं आणि ते जाहीर करून मोकळे झाले: लोणारचा ज्वालामुखी मेला नाही, पाण्यात अजून धग आहे. आठवड्याच्या आत गाडीला नाव मिळालं. पुढे लोणारची प्रत्येक सवारी हा किस्सा ऐकूनच खाली उतरायची.

अर्पिता नववीत गेली आणि पुस्तक उघडून बापासमोर उभी राहिली. एका वाक्याखाली रेघ.

“लोणार उल्केनं झालं, बाबा. त्या पाण्यात खार आहे. पापडखार उकळला तं फेस येणारच.”

“पुस्तक लिहिणारा खाली उतरला होता काय तळ्यात? मी उतरलो.”

“मंग मी पण उतरीन.”

आणि उतरली. वर्षानुवर्षं उतरत राहिली.

न्यूट्रल

चिखलीत गफ्फार डबा आणि ब्रश घेऊन दुकानाबाहेरच उभा होता.

“काय उकंडभाऊ, आज ज्वालामुखी विझवाची काय? जागा रिकामी कायले ठेवता, ‘धोंडा’ लिहून देतो.”

अर्पिता खाली उतरली. “काय लिहिता, चाचा?”

“रंग उडाला होता,” उकंडराव घाईने म्हणाले.

“झूट,” गफ्फार म्हणाला. “नाव पुसाले आणली गाडी.”

अर्पिताने बापाकडे पाहिलं. ते गाडीच्या टायरकडे पाहत होते.

“ते हसतील तुले,” उकंडराव म्हणाले. “बाप म्हणते ज्वालामुखी, पोरगी म्हणते धोंडा. मले हसले तं मी बी हसतो. तुले हसलेलं मले खपत नाही.”

जवळ जाऊन त्या अक्षरांवरची धूळ तिने ओढणीने पुसली.

“बरं, राहू द्या,” गफ्फार म्हणाला. “पुसत नाही. पण हा काना तरी सीधा करू द्या. लोक म्हणतात, गफ्फारचा हात कापते.”

“कान्याले हात लावाचा नाही,” उकंडराव म्हणाले.

अख्खं नाव पुसायला आलेला माणूस एका कान्यासाठी दारापुढे आडवा उभा राहिला. गफ्फारने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि चहा सांगितला.

टॉप गिअर

मेहकर. मग लोणार. अर्पिताने गाडी काठाजवळच लावायला सांगितली, आणि तीही नाव लोकांकडे येईल अशी.

खाली तळं हिरवट, गोल, एखाद्या बशीत सांडल्यासारखं. अर्पिताने पिशवीतून दगड काढून हातोहात फिरवले. या दगडाची काच झाली आहे, ती नुसत्या उष्णतेने नाही, धक्क्याने. असा धक्का ज्वालामुखी देत नाही. उकंडराव मागे, झाडाला टेकून ऐकत होते. दर वाक्याला आपलीच मान डोलते आहे हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी हाताची घडी घालून ती आवरली.

बोलणं संपलं आणि जे व्हायचं तेच झालं. एका प्राध्यापकांनी जीपकडे बोट दाखवलं.

“मॅडम, तुमची गाडी तर तुमच्या विरोधात बोलते आहे.”

लोक हसले. उकंडरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

अर्पिताही हसली. “गाडी माझ्या वडिलांची आहे. ते तिथे उभे आहेत. मी नववीत असल्यापासून आमचं भांडण चालू आहे. त्यांच्याशी भांडायला पुरावा हवा होता, म्हणून मी या विषयात आले. ते पहिल्याच दिवशी हो म्हणाले असते, तर आज इथे दुसरं कोणीतरी बोलत असतं.”

हसणं थांबलं. माना झाडाकडे वळल्या. ते प्राध्यापक स्वतः चालत आले आणि त्यांनी हात पुढे केला. उकंडरावांनी आधी आपला हात पँटला पुसला, मग दिला.

“मग काका, आता तरी पटलं का?”

उकंडरावांनी तळ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. ती लांबून कान देऊन ऐकत होती.

“नाही,” ते म्हणाले. आणि आवाज खाली आणून, फक्त त्या माणसाला ऐकू जाईल असं: “बरोबर तेच हाय, जे पोरगी सांगते. पण मी हो म्हटलं तं पोरगी पुढं कोणाशी भांडल?”

परतताना जीपची चावी त्यांनी अर्पिताच्या हातात दिली आणि स्वतः सवारीच्या सीटवर बसले, मान ताठ.

गाडीवर नाव रंगवलं तेव्हा अर्पिता पाच वर्षांची होती, आणि पहिल्या अक्षराचा काना गफ्फारने तिच्या हातात ब्रश देऊन तिला ओढू दिला होता.