दाढेतला कच्चा मसाला

“कच्चा मसाला है, बहूजी. दर्द चला जाएगा, तो आप लोग आएँगे ही नहीं,” नानांच्या दाढेत तात्पुरत्या भरणाचा पांढरा लगदा दाबत दाताचा डॉक्टर म्हणाला होता. “हफ़्ते भर में पक्का करवा लीजिए, नहीं तो किनारे से लार रिसेगी.” हिमानी नुसती हसली होती. तिचं सगळं लक्ष कडेवरच्या इराच्या सर्दीत.

नाना म्हणजे तिचे सासरे, ढुंढिराजशास्त्री. रूट कॅनाल अर्ध्यावर होतं. ठणका थांबला, आणि पितृपक्ष लागला.

“नाना, आज दाढ पक्की करून येऊ?”

“पितृपक्षात? अगं, या पंधरवड्यात लोक नवी चप्पल घेत नाहीत, आणि मी नवी दाढ बसवू?”

“नवी कुठे? तुमचीच आहे ती.”

“मग तर घाईच नाही! सर्वपित्री होऊ दे.”

इंदूर-नागपूरकडचे यजमान या तीर्थाच्या गावी येत होते. सकाळी घाटावर श्राद्ध सांगायचं, दुपारी कुणाकडे ब्राह्मण म्हणून पानावर बसायचं आणि उडदाचे वडे नेमके त्याच बाजूने चावायचे.

मग एकदा चूळ भरता भरता नाना म्हणाले, “दाढेशी खारट लागतंय.” हिमानीने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. मसाल्याची कड झिजून फट पडली होती. तिने डॉक्टरला फोन लावला. “आज ही लाइए,” तो म्हणाला.

“दुखतंय का? नाही ना? मग झालं तर!” उपरणं सावरत नाना जिना उतरलेसुद्धा.

तिने नवऱ्याला, यज्ञेशला सांगितलं. तो रेल्वेत, ड्यूटी गोरखपूरला. “नानांना आजवर कोणी समझवलंय? तूच बघ जरा.” ती बघतच तर होती. ताटात मऊ भात वाढत होती, रोज विचारत होती, रोज हरत होती.

आणि आज सकाळी संध्या करताना नानांचे मंत्र घोगरे, बोबडे यायला लागले. हनुवटीखाली सूज, दगडासारखी टणक. तोंड बोटभरही उघडेना. “चला,” ती म्हणाली, आणि नाना मुकाट्याने उठले. त्यांनी वाद घातला नाही, तशी ती इराला उचलून अनवाणीच रिक्षा बघायला धावली.

दाढेतलं इन्फेक्शन गळ्यात उतरलंय, श्वास अडकू शकतो, एवढंच सांगून हॉस्पिटलवाल्यांनी त्यांना आत नेलं. लहान मुलीला घेऊन वॉर्डात सोडत नाहीत. यज्ञेश अजून गाडीत आहे. इरा खांद्यावर रडून रडून झोपली आहे, आणि हिमानी दाराशी उभी राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते आहे. तुम्हालाही थांबवेल.

“ऐका ना, आत चाललात? खिडकीजवळच्या पलंगावर माझे सासरे आहेत, उंच, गळा सुजलेला. त्यांना बोलता येत नाहीये. छाती वर-खाली होतेय का, तेवढं बघून याल?”