नाव घेतलं तर ती मी नव्हे

आमच्या सर्वणच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी सगुणला भाड्याने दिल्या होत्या. माणूस सावंतवाडीकडचा, खाणीवर टिपर ट्रक चालवायचा. गोवा मुक्तीनंतर डिचोलीच्या खाणी रात्रंदिवस चालू लागल्या होत्या आणि सगुणच्या वाट्याला कायमची रात्रपाळी आलेली. सकाळी लाल धुळीने माखून यायचा, न्हायचा, पेज जेवायचा आणि आडवा व्हायचा. डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी हाक मारायचं, "सगुण!"

कधी तो मुकादमाचा आवाज असायचा, कधी मेलेल्या आईचा, पण बहुतेक वेळा बायकोचा. हा दचकून उठायचा आणि लुंगी सावरत परसात धावायचा. "हाक मारलंस?" चंद्रावती बिचारी भांडी घासत असायची. "नाय वो." पुन्हा आडवा, पुन्हा तेच. माणूस वाळून काटकी झाला. एका पहाटे खाणीच्या चढावर टिपरचं पुढचं चाक काठाबाहेर गेलं. क्लीनर ओरडला म्हणून दोघे वाचले. अशी आणखी एक डुलकी लागली तर घरी मडंच येणार, हे चंद्रावतीला कळून चुकलं.

मग भुतं उतरवणारा घाडी झाला, नारळ झाला, कोंबडा झाला. त्यातला कोंबडा तेवढा घाडीच्या पोटात सत्कारणी लागला. शेवटी मीच दोघांना ओढत डिचोलीच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, झोप लागताना असं पुष्कळांना ऐकू येतं, जागरणं करणाऱ्यांना जास्तच. हे वेड नव्हे आणि भूतही नव्हे. ऐकू आलं तर येऊ द्या, उठू नका.

"पण खरी हाक खंयची नि खोटी खंयची, ह्यां कसां कळतला?" सगुणने विचारलं.

तोड काढली ती चंद्रावतीने. ती नवऱ्याचं नाव घेत नसे. आमच्या वेळच्या बायका घेतच नसत म्हणा, पण हिची तऱ्हाच न्यारी. हळदीकुंकवाला उखाण्यासाठी अडवलं तर तोंडावर पदर घेऊन पळ काढायची. रेशनकार्डाच्या कारकुनाला नाव मी सांगितलं. अहो, देवळातल्या भजनात 'सगुण निर्गुण' आलं की बाई 'सगुण' गिळून टाकायची आणि नुसतं 'निर्गुण' म्हणायची. आम्ही पोट धरून हसायचो.

"अवो," ती त्याला म्हणाली, "मी कदी तुमचां नाव घेतंय? नाय मां? मगे नाव घेतलां तर ती मी न्हय. उठू नकात. भायलो कोण इलो तर दार वाजयतलो. आणि माका गरज लागली तर मी 'अवो' म्हणतलंय."

झालं, सगुण झोपू लागला. आवाज काही थांबले नाहीत. "सगुण!" यायचंच, पण आता तो जागचा हलत नसे आणि घटकाभरात घोरू लागे. अंगावर मूठभर मांस चढलं. कामाला जाताना शीळ घालू लागला. चंद्रावती माझ्या पडवीत येऊन "आज दुपारपर्यंत निजले" असं सांगायची, जसं काही पोर परीक्षेत पास झालं. तिचा तो चेहरा आठवला की आजही माझा जीव जळतो.

पावसाळा नुकताच सरला होता. आम्ही घरची सगळी कारापूरला बारशाला गेलो होतो. सगुण जेवून आडवा झाला आणि चंद्रावती पाणी काढायला परसातल्या विहिरीवर गेली. शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरला आणि ती आत पडली. आतून तिने 'अवो, अवो' किती केलं असेल ते देवालाच ठाऊक. टिपरच्या घरघरीने सगुणचे कान आधीच जड झालेले, तिथवर ते पोचलंच नसेल, असं आम्ही धरून चाललो.

आम्ही परतलो तेव्हा तो गाढ झोपेत होता. चंद्रावती विहिरीत सापडली, तिला वर काढली. तिच्या बोटांची नखं चिऱ्यांवर घासून मोडली होती. बराच वेळ धरून राहिली होती ती.

संध्याकाळी बायका जमल्या. अशा वेळी बायकांना बोलायला काहीतरी लागतंच. शेजारची विमला डोळे पुसत म्हणाली, "घोव घरांत आसलो. नांवान साद घाल्लो जाल्यार आयकलो आसतो. पूण मरणांतूय तिणें घोवाचें नांव घेतलें ना गे!" नवऱ्याचं नाव न घेताच गेली, "खरी पतिव्रता" म्हणून दुसरीने हात जोडले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सगुण भिंतीला टेकून बसला होता.

"घेतल्यान," तो म्हणाला. "नाव घेतल्यान तिणां."

मला राहवेना. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "सगुण, सदांचो भास तो. भासच जालो तुका." खोटं तर खोटं, पण या माणसाला उद्यापासून जगायचं होतं.

त्याने मान हलवली.

"भास नुसतो नाव घेता, वयनी. भासान कदी 'अवो' म्हटल्यान नाय. ही म्हणा होती, 'सगुण, अवो सगुण'. माका सगळां आयकाक इला. आणि मी डोक्यावरसून गोधडी वडून घेतलंय."